बोर्डात काय लिहायचं

तानाजीरावांनी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडं टाकलं आणि माकडाच्या चित्रावर बोट आपटलं.

"ह्यो कोण हाय मॅडम? आमचा आजा?"

त्यांच्यासोबत आलेली माणसं हसली. विज्ञान शिकवणारी यास्मिन उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"चित्र पुस्तकातलं आहे, साहेब. पहिलाच धडा आहे, आनुवंशिकता आणि उत्क्रांती."

"पुस्तकात हाय म्हून काय बी शिकवायचं का? रोहिणी घरी येऊन आजीला म्हणती, माणूस आन् माकड एकाच खानदानातले. म्हातारी जेवली न्हाई दिवसभर."

तानाजीराव शाळेच्या संस्थेचे संचालक होते आणि रोहिणी त्यांची मुलगी. दहावीच्या वर्गात विज्ञानाला तिच्याइतकं लक्ष कुणाचंच नसायचं.

"बरं, एक सांगा," तानाजीराव आवाज खाली आणत म्हणाले. "तुमच्या कुराणात हाय का हे?"

यास्मिनला कळलं, याला बरोबर उत्तर नाही. तिने मुख्याध्यापक राधाकिशन सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"साहेब, हा विज्ञानाचा तास आहे," ती म्हणाली. "तासाला मी ना कुराण शिकवते, ना पुराण."

कोपऱ्यातल्या एकाच्या हातात मोबाईल होता, तो तिला नंतर आठवला. संध्याकाळपर्यंत त्या एका वाक्याचे दोन तुकडे झाले होते. गावाच्या ग्रुपवर पुराणाचा तुकडा फिरला, आणि माजलगावात, तिच्या मोहल्ल्यात, कुराणाचा.

ती घरी पोचली तेव्हा तिचा नवरा शफी दुकान लवकर बंद करून बसला होता. तो पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्याने तार गुंडाळून भरून द्यायचा. भांडखोर माणूस नव्हता.

"तू सच्ची में बोली क्या ऐसा?"

"आधा काट के डाले वो."

"आधा रहो या पूरा. लोगां दुकान पे आके पूछ रै मेरेको. नमाज के बाद किसी ने सलाम का जवाब नै दिया."

"तुमको क्या लगता?"

"मेरेको क्या लगना? मैं मोटारां भरनेवाला आदमी." तो उठला. "तेरी नौकरी है, तू देख. मेरेको बीच में मत ले."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातचं पाणी घ्यायला सासूने नकार दिला. पेला तेवढा बाजूला सरकवला.

आठवड्याभरात राधाकिशन सरांनी तिला बोलावून दार लावून घेतलं.

"बीडहून एक व्याख्याते येतायत. मुलांना दोन शब्द सांगतील. त्यानंतर तुम्ही एकच वाक्य म्हणायचं, की मी शिकवलं ते चुकीचं होतं. मग विषय मिटला."

"सर, तुम्हीसुद्धा शिकवलाय की हा धडा."

"शिकवलाय. तेव्हा कुणी विचारलं नाही."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत काढत राहिले. "माझं रिटायरमेंट जवळ आलंय, मॅडम," ते म्हणाले. "आणि तुम्ही तर... तुमचं नाव वेगळं असतं तर गोष्ट एवढी वाढलीसुद्धा नसती."

सगळी शाळा हॉलमध्ये बसवली होती. व्याख्याते गोड बोलणारे होते. माणूस आज आहे तसाच, हाताबोटांसकट, देवाने घडवला. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलाय का, असं त्यांनी विचारलं. मुलं एका सुरात "न्हाई" म्हणाली. मग यास्मिनला माईकपाशी उभं केलं.

"मी जे शिकवलं," ती म्हणाली, "ते चुकीचं होतं."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी माकडाचा आवाज काढला. आधी तानाजीराव हसले, मग राधाकिशन सर हसले, मग सगळी शाळा. यास्मिन माईकपाशीच उभी होती. जा असं तिला कुणी सांगितलं नाही.

मुलींच्या रांगेतून रोहिणी उठली.

"सर, मग बोर्डात काय लिहायचं?"

हसणं विरलं. व्याख्यात्यांनी राधाकिशन सरांकडे पाहिलं.

"बस खाली," तानाजीराव म्हणाले.

त्यानंतर तो धडा कुणी उघडला नाही. झाला असं समजा, असा निरोप होता. यास्मिन पुढचे धडे शिकवत गेली. फळ्याकडे वळली की मागून तो माकडाचा आवाज यायचा. सुरुवातीला ती वळून बघायची. मग बघायचं सोडून दिलं.

परीक्षा जवळ आली तेव्हा एका मधल्या सुट्टीत रोहिणी प्रयोगशाळेत आली. यास्मिन परीक्षानळ्या पुसून ठेवत होती.

"मॅडम, पहिल्या धड्यावर प्रश्न येणारच. मी पुस्तक वाचलंय. जीवाश्म, अवशेषांगं, समदं पाठ हाय. पण ते बीडचे सर म्हणले ते वेगळंच हाय. कोणतं लिहू?"

यास्मिनने दाराकडे पाहिलं. व्हरांडा रिकामा होता. रोहिणीच्या हातात मोबाईल नव्हता, पुस्तकही नव्हतं. तरी यास्मिनच्या डोळ्यांसमोर आले ते तानाजीराव, आणि तो बाजूला सरकवलेला पेला.

"त्या दिवशी हॉलमध्ये सांगितलं, ते लिही," ती म्हणाली.

"खरंच?"

"सांगितलं ना एकदा."

रोहिणी मान हलवून गेली.

उन्हाळ्यात निकाल लागला. विज्ञानात वर्गातल्या बऱ्याच मुलांचे गुण घसरले, रोहिणीचेही. तानाजीराव शाळेत आले ते थेट यास्मिनवरच धावून गेले.

"शिकवता येत न्हाई तर पगार कावून घेता? लेकराचं वाटोळं केलं ह्या बाईनं!"

राधाकिशन सर तेव्हाही खिडकीबाहेरच बघत होते. जूनमध्ये यास्मिनचं विज्ञान काढून घेतलं आणि तिला पाचवीचा वर्ग दिला. त्या वर्गात ती पुस्तक वाचून दाखवायची. कुणी हात वर केला तर म्हणायची, "पुढं वाचा."

पावसाळ्याच्या अखेरीस माजलगावच्या बसस्थानकावर तिला रोहिणी दिसली. साडी नेसलेली, हातात हिरवा चुडा. यास्मिनने नजर वळवली, पण रोहिणीच जवळ आली.

"बऱ्या हाव का मॅडम?"

"बरी आहे. तू? अकरावी?"

"न्हाई. लातूरला घालणार होते मला. मार्क बघून बाबा म्हणले, पोरीला सायन्स झेपत न्हाई. मग स्थळ आलं." तिच्या आवाजात राग नव्हता. "दोन प्रश्न आलते त्या धड्याचे. तुमी सांगितलं तेच लिवलं. दोन्हीला शून्य."

"मला तेव्हा..." यास्मिन म्हणाली. "ते सगळे..."

"ते समदे हॉलमधी होते, मॅडम," रोहिणी म्हणाली. "प्रयोगशाळेत तर आपुन दोघीच व्हतो."

बस लागली. रोहिणीने पदर सावरला, पिशवी उचलली आणि गर्दीतून वाट काढत वर चढली. खिडकीशी बसली. तिने बाहेर पाहिलं नाही.

यास्मिनलाही त्याच बसने जायचं होतं. वाहकाने विचारलं, "यायचं का बाई?" तिने मान हलवून नाही म्हटलं. बस वळून निघून गेली, तरी ती तिथेच उभी होती.