भामाबाईंचं मूळ गाव

भामाबाईंनी ताटली बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "भरली."

प्रांजलने मोबाइलवर वेळ पाहिली. दोन वाजून पंधरा मिनिटं. तिने वहीत द्वितीया लिहिलं आणि पुढे वेळ.

निवारा केंद्राच्या त्या लांब खोलीतून खाडी दिसत नव्हती. खिडकीबाहेर गॅरेज होतं आणि त्यामागे पनवेल स्टेशनचा रस्ता. तरी रोज, आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा, भामाबाई खाडीला भरती आल्याचं, पाणी भरल्याचं सांगायच्या. सुरुवातीला प्रांजलला ती म्हातारपणाची बडबड वाटली होती. मग एकदा तिने चार दिवसांच्या वेळा सहज आलेखावर मांडल्या आणि त्या सरळ रेषेत आल्या. तेव्हापासून ती लिहून ठेवत होती.

भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली प्रांजल सहा महिन्यांपूर्वी इथे समुपदेशक म्हणून लागली. बेघर माणसांना त्यांच्या मूळ गावी पोचवण्याची सरकारी योजना होती. गाव शोधायचं, तिथलं कुणी ओळखतं का ते पाहायचं, तिकीट काढायचं, सोबत माणूस द्यायचा. बलिया, गुलबर्गा, यवतमाळ अशा ठिकाणी अकरा जण पोचले होते. भामाबाईंचंच अडलं होतं. नोंदवहीत दोन वर्षांपूर्वीच्या चार ओळी होत्या. स्टेशनबाहेर सापडल्या. एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. जवळचं कोणी नाही. मूळ गाव अलिबागच्या पुढे. त्या भागातल्या सात ग्रामपंचायतींची पत्रं फाइलला लावलेली होती. अशी बाई आमच्याकडची नाही.

आता नवा आदेश आला होता. ज्यांचं गाव सापडत नाही त्यांना सोमवारी मराठवाड्यातल्या एका शासकीय वृद्धगृहात हलवायचं. यादीत एकच नाव होतं.

प्रांजल वही घेऊन स्वयंपाकघरात गेली. चंद्रावतीताई कुकर घासत होत्या. त्या उरणच्या कोळीणबाई, केंद्र सुरू झालं तेव्हापासून इथे.

"ताई, आज अलिबागला भरती दीड वाजता होती. मुंबईलाही तेव्हाच. भामाबाई पाऊण तास उशिरा सांगतात. रोज तेवढाच उशीर. अंदाजाने बोलत असत्या तर कधी मागे गेलं असतं, कधी पुढे."

चंद्रावतीताईंनी कुकर खाली ठेवला. "आमच्या उरणला पन एवढा उशीर नाय, म्याडम. पानी तिकडून आत शिरतं, तवा कुटं हिकडं पोचतं. ही अलिबागची नाय. ही हितलीच. पनवेलच्या खाडीची."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मी काय घड्याल बघून भांडी घासते? तुमी रोज लिवता, मना वाटलं तिच्या गोल्यांचा टाइम लिवता."

प्रांजल परत भामाबाईंजवळ येऊन बसली.

"भामाबाई, तुमचं गाव इथल्याच खाडीवर होतं का?"

भामाबाई फरशीवर सांडलेली भाताची शितं एकेक करून वेचत होत्या. "मना कोन नाय, बाय."

"मी गावाचं विचारतेय."

"लिवलाय ना तुमी? कोन नाय." त्यांनी शितं ताटलीत टाकली आणि ताटली उचलून त्या मोरीकडे गेल्या.

शनिवारी सकाळी चंद्रावतीताईंनी मासळी बाजारात भामाबाईंचा फोटो दाखवला. तिसऱ्याच पाटीवर उत्तर मिळालं.

"ही तं भामाई. दयारामची आय, बांधनपाड्याची," कोलंबी निवडणारी बाई म्हणाली. "पन ती पेनला हाय, लेकीकडं. तुमाला कुटं भेटली?"

बांधणपाडा आता जागेवर नव्हता. विमानतळासाठी खाडीकाठची गावं उठली, त्यात तोही उठला होता. गावातल्या लोकांना मिळालेल्या भूखंडांवर नवी घरं उभी होती, काही पूर्ण, काहींच्या सळ्या अजून आकाशाकडे. दयारामचं घर पूर्ण झालेलं होतं. दोन मजली, फिकट हिरवं. दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं होती. भामाई.

प्रांजल ती पाटी पाहत थांबली. चंद्रावतीताईंनी बेल वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईने तोंडभर हसून आत बोलावलं. पंखा लावला, पाणी आणलं. सासूबाईंचा विषय निघाल्यावर ती सरावाने म्हणाली, "आई पेणला असतात, नणंदेकडं. त्यांना तिकडची हवा मानवते."

प्रांजलने मोबाइल तिच्यापुढे धरला. फोटोत भामाबाई केंद्राच्या खाटेवर बसल्या होत्या, मागे भिंतीवर नियमांचा फलक. बाई फोटोकडे बघत राहिली. मग ती रिकामा ट्रे मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला टेकली आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "अहो. बाहेर या."

माणूस बाहेर आला. पंचेचाळिशीचा, अंगावर रिक्षाचालकाचा खाकी शर्ट.

चंद्रावतीताई उठून उभ्या राहिल्या. "दादा, तुमी?" त्या आधी हसल्या, ओळखीचं माणूस अनपेक्षित भेटल्यासारख्या. "म्याडम, हे आपले केलीवाले दादा. दर संकष्टीला सगल्यांना केली वाटतात. यांनीच तिला रिक्षातनं..."

त्या तिथे थांबल्या. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

प्रांजलने त्याला दोनदा पाहिलं होतं. एकदा त्याच्या हातचं केळं तिने खाल्लंही होतं. तो खाटांच्या रांगेतून जायचा, प्रत्येकाला वाकून नमस्कार करायचा. भामाबाईंनाही. त्या केळं घ्यायच्या आणि म्हणायच्या, "देव तुजा बरा करो, दादा."

"पंधरा दिवसांसाठी ठेवली होती," दयाराम म्हणाला. तो उभाच होता. "गाव उठलं तेव्हा आम्ही कळंबोलीला भाड्याने होतो, चौथ्या मजल्यावर. ओहोटीची वेळ झाली की ती टोपली घेऊन निघायची. चिंबोऱ्या, खेकडे आणते बोलायची. दोनदा हायवेवर सापडली, ट्रकच्या मधी. ही कामाला, मी रिक्षावर. दाराला बाहेरून कुलूप लावलं तर शेजारी बोलायचे."

"आम्हाला खरं का नाही सांगितलं?"

"तुमच्याकडं ज्याचं कोणी नाय त्यालाच घेतात, मॅडम. तिथल्या फलकावर लिहिलंय. म्हणून तिला बोललो, आये, विचारलं तर सांग मना कोन नाय. गाव पण लांबचं सांग. घर झालं की नेतो."

"घर कधी झालं?"

त्याची बायको ट्रेकडे बघत म्हणाली, "गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला वास्तुशांत केली."

"गावातल्या लोकांना ती पेणला असल्याचं सांगितलं होतं," दयाराम म्हणाला. "मग आज आणू, उद्या आणू. लोक विचारतील, एवढे दिवस... तिने एकदा जरी विचारलं असतं ना, घर झालं का, तर त्याच दिवशी आणली असती. ती कधी काय बोललीच नाय."

"तुम्ही बोललात?" चंद्रावतीताई म्हणाल्या. "दोन वर्सं केली देत होता. बोललात कदी?"

प्रांजल उठली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पाण्याचा भरलेला पेला अजून तिच्या हातात आहे. तो कुठे ठेवावा हे तिला पटकन सुचेना.

"सोमवारी त्यांना मराठवाड्यात पाठवणार आहेत," ती शेवटी म्हणाली. "आज चला."

तो लगेच निघाला. वाटेत त्याने रिक्षा थांबवून नवं लुगडं घेतलं. आरशातून मागे बघत त्याने दोनदा विचारलं, "सही केली की सोडतील ना?"

"तुमची सही आणि त्यांचा अंगठा," प्रांजल म्हणाली. "त्यांनी ओळखलं पाहिजे. त्यांची मर्जी पाहिजे. नाहीतर आम्हाला कुणाच्या ताब्यात देता येत नाही."

"ओळखल ना. आय हाय माझी."

दुपार कलली होती. भामाबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. दयाराम त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली. आज संकष्टी नव्हती. त्यांनी त्याच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं.

प्रांजलने फॉर्म उघडला. शाईचं पॅड खाटेवर ठेवलं. हा प्रश्न तिने अकरा वेळा विचारला होता, तरी आज तिला तो कागदावर पाहून वाचावा लागला.

"भामाबाई, समोरच्या माणसाला ओळखता का?"

"हो. केलीवाला."

"तुमचे कोण लागतात?"

"कोन नाय."

"आये," दयाराम म्हणाला, "आता सांग. आता सांगितलं तरी चालतं. घर झालं. खाली तुला खोली केलीय. दारावर तुजं नाव घातलंय मी."

भामाबाई त्याच्याकडे बघत होत्या. शांतपणे, नजर न हलवता, त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्यांनी हात पुढे केला. प्रांजलने पॅडचं झाकण काढलं. पण त्यांनी त्याच्या शर्टाच्या कॉलरची उलटलेली घडी नीट केली, हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे मांडीखाली सरकवले.

"मी पयल्या दिवशीच सांगितलाय," त्या म्हणाल्या. "मना कोन नाय."

"आये!"

"रडतोस कशाला, दादा?" त्यांचा आवाज मऊ होता. "घरला जा तू. तुजी आय वाट बघत आसल."