खिळ्याला टांगलेला गमबूट

मी एक जुना गमबूट आहे. जुना म्हणायचं ते वयानं. मित्रांनो, माझा तळवा अजून कोरा आहे आणि त्याचीच मला लाज वाटते.

मी कारखान्यात जन्मलो आणि सांगलीच्या एका दुकानात आलो. कडेगावजवळच्या केरबांना उसात घोणस चावली, ते थोडक्यात वाचले. तेव्हा त्यांच्या पुतण्यानं, फौजेतल्या शिवतेजनं, आपल्या आईसाठी माझी जोडी घेतली. आई म्हणजे विजयमालाबाई. पहिल्याच दिवशी ऊस भिजवताना मी चिखलात रुतलो. त्यांचा पाय निघाला, मी तिथंच. त्यांनी मला धुऊनपुसून गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं. शिवतेजचा फोन आला की मात्र म्हणायच्या, "व्हय रं, रोज घालती."

पुढे सांगलीत एक समिती बसली. संशोधनाला पैसे देण्याआधी अर्जावर शेतकऱ्यांचंही मत घ्यायचं, अशी तिची रीत. गावोगाव गमबूट वाटले तर सर्पदंश कमी होतात का, हे पाहण्यासाठीचा अर्ज होता. मत द्यायला शेतकरी म्हणून विजयमालाबाईंना बोलावणं आलं. त्या मला पिशवीत घालून घेऊन गेल्या.

अध्यक्ष सुहासिनीताईंनी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आधी चहा दिला, मग विचारलं, "विजयमालाताई, लोक हे वापरतील?"

एवढ्या मानानं विचारणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? "व्हय की. मी रोज घालती," त्या बोलून गेल्या.

ताईंनी मला उलटा करून माझा कोरा तळवा पाहिला. मग मला हळूच खाली ठेवलं. आम्हा दोघांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना एसटी विट्याला पोचली. विजयमालाबाई पुटपुटल्या, "माझ्या एका व्हयवर घरोघरी बूट खिळ्याला लागायचं, आन् साप चावायचा तो चावायचाच."

घरी येताच त्यांनी ताईंना फोन लावला. "ताई, खोटं बोलले मी. चिखलातनं पाय निघतोय, बूट न्हाई निघत."

"बरं झालं सांगितलंत. निर्णय अजून व्हायचाय," ताई म्हणाल्या. "आधी चिखलात चालतील असे बूट करून बघा, मग वाटा, असं अर्ज करणाऱ्या संशोधकांना कळवू."

खरा अवघड फोन पुढेच होता.

"शिवतेज, तुजं बूट खिळ्यालाच हायत रं."

तो म्हणाला, "मग उसात काय घालून जातीस, आई?"

बाईंनी आपल्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. "अनवाणीच की रं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला जपून ठेवू नका, वापरा. आणि वापरता येत नसेल, तर विचारणारा कितीही मानाचा असो, तसं त्याच्या तोंडावर सांगा.