लेकीच्या परीक्षेची माती

गंगाखेडच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांनीही संशोधन करायचं असं ठरलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे हसले. "आधी प्रॅक्टिकलला तरी येऊ द्या म्हणावं," एक जण म्हणाले. असल्या बोलण्याचा मला भयंकर राग येतो. मी रसायनशास्त्र शिकवते. हट्टाने पहिला प्रकल्प मी घेतला आणि बबिताला दिला.

बबिता गोदाकाठच्या उसाच्या गावातली. बसायची शेवटच्या बाकावर, पण प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारायची. तिचा विषय साधा होता: उसाला इतकं पाणी पाजून गावातली जमीन खारी व्हायला लागली आहे का? वर्षाअखेरीस विद्यापीठात प्रकल्पांची मांडणी होती आणि तिथे निवड झालेल्यांना सुट्टीत पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. तिचे वडील रंगनाथराव कॉलेजात येऊन मला स्पष्टच सांगून गेले.

"म्याडम, निवड झाली तर जाऊ द्या पुण्याला, पुढं बी शिकू द्या. न्हाई झाली तर गुमान परभणीला भरतीचा क्लास लावायचा. तिचं-माझं ठरलंय."

बबिताने गावात आपल्या आळीत घरोघर पिशव्या वाटल्या आणि आपापल्या रानातली माती भरून ठेवा म्हणून सांगितलं. माती आली. आम्ही तिच्यातले क्षार मोजले, तर एकही रान खारं नाही! मी खूश होऊन पोस्टर छापायलासुद्धा टाकलं. बबिताचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

"मॅडम, सगळ्यांचे आकडे सारखेच कसे? अन् मातीत एक खडा न्हाई, एक मूळ न्हाई. रानातली माती इतकी साफ असती का?"

रविवारी आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. तिची चुलती कस्तुराबाई हिने आधी चहा पाजला, मगच बोलू दिलं.

"काकू, माती कुठून भरली?"

"विहिरीजवळच्या पट्टीतली. तशी माती सगळ्या गावात न्हाई. आळीतल्या समद्या बायांला मीच तिथून दिली. चाळणीनं चाळून, सावलीत वाळवून. काय बघायलीस अशी?"

"अन् खालच्या रानातली का न्हाई दिली?"

"तिथं तर पांढरं मीठ फुटलंय! लेकीच्या परीक्षेला असली नासकी माती देऊ व्हय? माती नापास झाली अन् तिच्यापायी तू बी नापास झालीस म्हंजे?"

मला हसू आवरेना. सगळ्या आळीने मिळून पोरीला पास करायचा बेत केला होता. त्या मायेपायी प्रकल्प पार आडवा झाला होता, आणि मांडणी तोंडावर आलेली.

"पोस्टर छापून आलंय," मी म्हणाले.

"येऊ द्या. काकू, टिकाव कुठाय?"

वाईट माती हवी आहे हे एकदा कळल्यावर कस्तुराबाईच पुढे झाली. मग काय, बायांची चढाओढच लागली. "माझ्याकडं ये, ह्याच्याहून बेकार हाय माझं!" दिवस मावळेपर्यंत बबिता स्वतः खणत होती, आणि मी पिशव्यांवर नावं घालत होते.

विद्यापीठात बबिताने दोन तक्ते लावले. एक घरोघरून आलेल्या मातीचा, दुसरा तिने खणलेल्या मातीचा. दुसऱ्यात नदीकडची रानं खारी निघाली होती. एक परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "पहिला तक्ता चुकीचा आहे असं तूच सांगतेस. मग लावलास कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

रंगनाथराव मागच्या रांगेत बसले होते.

"सर, मी पिशव्या वाटल्या, माती स्वतः खणली नाही," बबिता म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "हे झाकलं तर उद्या दुसरं कुणी असंच पिशव्या वाटत बसेल. म्हणून लावलाय."

परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली आणि दुसऱ्या तक्त्यावर एकामागून एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिला सगळ्यांची उत्तरं येत होती. निवड झाली. पुण्याचं तिकीट रंगनाथरावांनी स्वतः रांगेत उभं राहून काढलं.

त्या सुट्टीने तिला एम.एस्सी.ला नेलं, एम.एस्सी.ने पीएच.डी.ला. आता ती खारावलेल्या जमिनी सुधारायचं काम करते. दुसऱ्याने भरलेली माती तिच्या प्रयोगशाळेत कुणी घेत नाही, म्हणे. स्टाफरूममधले ते हसणारे आता आपापले प्रकल्प घेऊन माझ्याकडे सल्ला मागायला येतात, आणि मी अगदी आनंदाने भाव खाते.

यंदा बबिताने स्वतःचंच गाव कामाला घेतलं. मीही मुद्दाम गेले. कस्तुराबाई खालच्या रानात टिकाव घेऊन आमच्या आधीच येऊन उभी होती. पायाखाली पांढरं मीठ फुटलेलं.

"तवा तुला पास करायला मी चांगली माती दिली व्हती," ती म्हणाली. "आता तू माझ्या ह्या नापास मातीला पास कर."

"करते, काकू," म्हणत बबिताने तिच्या हातातला टिकाव घेतला.