कापूस कोणी लावला

“कापूस आणू का, साहेब?”

महादेवरावांनी हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की कोठीतल्या बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. अविनाश साहेबांचं तोंड मात्र उतरलं. टेबलावर लाकडी गरुड होता, अडीच फुटी, दोनशे वर्षांचा. त्याच्या डाव्या पंखावरचा सोन्याचा वर्ख तळहाताएवढा उडालेला होता.

“कापूस नको,” साहेब पुटपुटले. “तुमच्या पद्धतीनं बांधा.”

“माह्या पद्धतीनं! नऊ वर्सांनी आठवली व्हय?”

मेहकरजवळच्या त्या छोट्या संग्रहालयात वस्तू बांधायचं काम पूर्वी महादेवरावांचं. आधी मऊ कागद, मग वस्तूच्या अंगाबरोबर कापलेला फोम, मग पेटी, आणि त्या पेटीला बाहेरून दुसरी पेटी. कापूस थेट लावायचाच नाही. त्याचे तंतू पोपड्यांत अडकतात आणि निघताना रंग, वर्ख सगळं ओढून नेतात. पण कापसाच्या मुलखात हे सांगणार कोणाला? नऊ वर्षांपूर्वी अविनाश साहेब इथे प्रमुख होते. गरुड अकोल्याला पाठवायचा होता आणि कागद संपला होता. “अहो, कापसापेक्षा मऊ काय असतं?” म्हणत साहेबांनी, महादेवराव दोनदा नको म्हणाले तरी, सरकीसकट कापूस स्वतःच्या हातांनी पंखावर दाबून बसवला.

अकोल्यात पेटी उघडली आणि वर्ख कापसाबरोबर निघून आला. चौकशी कोणी केली? साहेबांनीच! महादेवरावांनी मनानं कापूस लावला, असं लिहून मोकळे झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. महादेवरावांना कोठीतून काढून फाटकावर बसवलं. गावानं तर त्यापुढची मजल मारली, म्हणे याने सोनं खरवडून विकलं. होणारे व्याही पंजाबराव चार लोकांत म्हणाले, “देवाच्या पंखाचं सोनं खरोळनाऱ्याच्या घरची पोरगी आमाले नको.” लेक प्रतीक्षाचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचं पुढे चांगलं झालं, जालन्याला सुखात आहे. पण अन्नपूर्णाबाईंनी मरेपर्यंत कोणाच्या हळदीकुंकवाला पाऊल टाकलं नाही. बायकोचं हे महादेवराव विसरले नव्हते. विसरायचा त्यांचा विचारही नव्हता.

आता साहेब नागपूरच्या मोठ्या प्रदर्शनाचे प्रमुख झाले होते. परवा उद्घाटन, आणि पत्रिकेवर गरुडाचाच फोटो. नव्या माणसांपैकी कोणाची गरुडाला हात लावायची छाती होईना, म्हणून महादेवरावांना फाटकावरून बोलावलं होतं.

सकाळपासून त्यांच्या मनात एकच घोळत होतं. चोचीखालचा फोम अंगठ्याएवढा आखूड कापायचा, म्हणजे चोच अधांतरी राहील. बस्स. बाकीचं रस्त्यावरचे खड्डे बघून घेतील, आणि या वेळी सही साहेबांची असेल. तसा तुकडा त्यांनी कापलासुद्धा. चोचीखाली धरून पाहिला, मग एक शिवी हासडून कोपऱ्यात भिरकावला. “याचा काय गुन्हा हाय,” असं स्वतःशीच म्हणत त्यांनी नवा तुकडा घेतला. साहेबांवरचा राग तिळभरही कमी झाला नव्हता.

विम्याच्या कंपनीकडून आलेली संजीवनी भिंग लावून गरुड तपासत होती. पेटी बंद व्हायच्या आधी वस्तूची प्रत्येक चीर कारणासकट कागदावर लिहावी लागते, त्याशिवाय वस्तू ट्रकमध्ये चढत नाही. पंखापाशी ती थांबली.

“इथे लाखेत कापसाचे तंतू अडकलेत. वर्ख खरवडलेला नाही, ओढला गेलाय. कापूस कोणी लावला होता?”

“जुनी झीज लिहा ना,” साहेब लगबगीनं म्हणाले.

“ही झीज नाही, सर. लावणाऱ्याचं नाव आणि सही हवी. नाहीतर गरुड इथेच राहील.”

साहेबांनी महादेवरावांना दाराशी ओढलं. “तुमचंच नाव लिहू या. नाहीतरी दप्तरी तेच आहे. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या, मी बघतो तुमचं.”

महादेवरावांच्या अंगाची लाही लाही झाली.

“काय बघता तुमी माह्यं? माही बायको तोंड लपवून मेली. तिले आनता वापस?” त्यांचा आवाज असा चढला की कोठीतली सगळी माणसं वळून पाहू लागली. “कोनं लावला ते सांगा. इथं, सगळ्याईसमोर सांगा! नाहीतर मी पेटीले हात लावत नाही. बांधा तुमचं तुमी. कापूस लय हाय गावात!”

नाक दाबलं की तोंड उघडतं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, बाहेरच्या ट्रककडे पाहिलं.

“मी लावला होता.”

“आयकू नाही आलं.”

“मी लावला होता! महादेवराव नको म्हणत होते.”

“मंग लिव्हा तसंच.”

साहेबांनी लिहिलं. त्यांची सही पुरी होईपर्यंत महादेवरावांनी डोळे भरून पाहिलं. कागदाची झेरॉक्स खिशात पडल्यावरच त्यांनी गरुड बांधायला घेतला, आणि बांधला तो नेहमीसारखाच, पोटच्या पोरासारखा जपून.

संध्याकाळी घरी न जाता ते थेट पंजाबरावांकडे गेले. पंजाबराव आता थकले होते, ओट्यावर बाजेवर बसून होते. महादेवरावांनी चष्मा लावला आणि उभ्यानंच कागद वाचून दाखवला, पार सहीपर्यंत.

“बरं झालं बावा,” पंजाबराव म्हणाले. “पन मले काऊन सांगून राह्यले हे?”

“तुमीच म्हनले होते ना, मी सोनं खरोळलं म्हनून? लगन मोडलं तुमी!”

“म्या?” पंजाबरावांनी खरोखरच आठवून पाहिलं. “असन बा. तवा लोकं बोलत होते कायबाय. मले तं काही याद नाही. च्या घेता?”

त्यांच्या कानाखाली जाळ काढावा, असं महादेवरावांना वाटलं. नऊ वर्षं ज्या शब्दानं घर जाळलं, तो या माणसाच्या ध्यानातही नव्हता.

ते बाजेच्या कडेवर बसले. घडी केलेला कागद पुन्हा उलगडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, या खेपेला शेजारच्या ओट्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.