नातालीनचं बायबल

१९८६ साल. राजभाषा मराठी की कोंकणी यावरून गोवा पेटला होता, आणि हरमलच्या शाळेतला मी सगुण मास्तर मराठीसाठी कुणाच्याही अंगावर धावून जात होतो.

अशात नातालीन आली. माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा बेनीत वर्षापूर्वी होडीसकट समुद्रात गेला, प्रेतसुद्धा हाती लागलं नाही.

"मास्तर, वर्साच्या प्रार्थनेक उतारो माकाच वाचूचो आसा. चर्चातलां बायबल रोमी लिपीत, तां माका वाचूक येना. तुमीच मराठी शिकयलात, मराठी बायबल हाडून दियात?"

पाद्रीने तिला चिठ्ठी दिली होती: बायबलातला ज्ञानग्रंथ, तिसरा अध्याय. चांगल्या माणसांचे जीव देवाच्या हातात सुखरूप असतात, असं त्यात होतं म्हणे.

माझी छाती फुगली. दुसऱ्याच दिवशी म्हापशाचं पुस्तकांचं दुकान गाठलं आणि मराठी बायबल मागितलं.

"कॅथलिकांखातीर जाय?" दुकानदाराने विचारलं. "मागीर पाद्रीक विचारून..."

"पाद्रीला कशाला? मराठी द्या!" मी खेकसलो.

तीन आवृत्त्या चाळल्या. एकीची भाषा फारच बाळबोध, दुसरीत टिपा नव्हत्या. तिसरीत भारदस्त मराठी, टिपा, नकाशे, शब्दसूची, सगळं होतं. तीच घेतली आणि नातालीनला नेऊन दिली. चिठ्ठीतला उतारा आहे का, हे बघायचं मला सुचलंही नाही.

आठ दिवसांनी प्रार्थना होती. अंगणात माणसं दाटली. नातालीन उभी राहिली, तिने पुस्तक उघडलं. नुसती पानं उलटत राहिली. मी पुढे होऊन अनुक्रमणिका पाहिली. ज्ञानग्रंथ नव्हताच! मी तसं बोलूनही गेलो.

"मास्तरान पानां फाडल्यांत!" बेनीतचा भाऊ ओरडला.

"कोणेंच फाडूंक नात," पाद्री घाईने मध्ये पडले. "हें प्रोटेस्टंटांचें बायबल. तातूंत हें पुस्तक नासता."

शरमेने मला मान वर करवेना. "चुकलो गो, नातालीन," मी कसाबसा म्हणालो.

तिने पुस्तक मिटलं. "आठ दिस सोदतंय, मास्तर. कोणाक विचारूक धीर जालो ना. माका वाटलां, बेनीताक देवान हातात घेवकच ना. आज तरी उतारो गावतलो म्हणान उबी रवलंय."

त्या आठ दिवसांत मी दोनदा तिच्या दारात जाऊन विचारलं होतं, मराठी कसं आहे? दोन्ही वेळा ती म्हणाली होती, बरां आसा.