चार नंबर टेबलाचं व्हेज सूप

श्रीशैल कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे, हे साऱ्या कुरुंदवाडला ठाऊक होतं. प्रत्यक्षात तो कोल्हापुरातल्या एका नव्या थाई हॉटेलात स्वयंपाकी होता आणि दिवसाकाठी दहा किलो कोळंबी सोलत होता. लिंगायताच्या घरातला मुलगा मासळीत हात घालतो हे वडिलांना, आप्पांना, कळलं असतं तर त्यांनी त्याला उंबरा चढू दिला नसता. पण पणजीत शिकलेला हात होता, पगार बरा होता, आणि खोटं एकदा अंगवळणी पडलं की माणसाला झोपही छान लागते.

२००५ सालच्या एका रविवारी दुपारी चार नंबर टेबलाची सूपं बाहेर गेली आणि श्रीशैलने सहज भटारखान्याच्या खिडकीतून पाहिलं. टेबलाशी आप्पा बसले होते.

आप्पांच्या शेजारी आई, पलीकडे नव्या साडीत बहीण विद्याश्री, समोर सांगलीचे पाहुणे. विद्याश्रीला बघायला येणार हे त्याला माहीत होतं. कंपनीत सुट्टी नाही म्हणून त्यानेच टाळलं होतं. पण मुलगा पुण्यात नोकरीला, कॉम्प्युटरवाला. त्याला कांदेपोहे नकोत, हॉटेल हवं!

श्रीशैल आधी मटकन खाली बसला. दिसलो नाही, वाचलो, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि मग त्याला सूप आठवलं.

सूप व्हेज होतं, म्हणजे मेनूकार्डात. पातेल्यात सकाळी त्यानेच माशाचा सॉस ओतला होता. मालक बाळासोंचा तसा हुकूमच होता. "चवीला गिऱ्हाईक येतंय. आत कोण बघाय येतंय?" आजवर किती माळकरी नि किती जैन ते मिटक्या मारत पिऊन गेले, तेव्हा याला काही वाटलं नव्हतं. आज स्वतःच्या बापाची पाळी आली तेव्हा घाम फुटला.

आप्पा लिंगपूजा केल्याशिवाय पाणीदेखील न पिणारे. त्यांनी चमचा भरला. सूप कढत होतं आणि त्यांना कढत सोसत नसे, म्हणून ते फुंकर घालत होते. बाहेर जावं तर पाहुण्यांदेखत खोटं उघडं पडणार, विद्याश्रीचं जमत आलेलं मोडणार. न जावं तर आप्पांच्या तोंडात मासा. इकडे आड, तिकडे विहीर. आप्पांनी दुसरी फुंकर घातली.

श्रीशैल धावला.

"थांबा! पिऊ नगासा! त्यात मासं हाय!"

साऱ्या हॉटेलाने वळून पाहिलं. मुलाच्या आईच्या हातातला चमचा खाली पडला. काउंटरवर बाळासो उठून उभे राहिले. आप्पांनी मान वर केली. त्यांनी पांढरी टोपी पाहिली, डगला पाहिला, डगल्याला चिकटलेलं कोळंबीचं साल पाहिलं. एरवी त्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा. आता तो जेमतेम टेबलापुरता निघाला.

"पावणं, तुमी केलंय व्हय हे?"

"व्हय."

"सांगितलासा ते बरं झालं. धरम राखलासा."

"तुमच्या ओळखीचे आहेत का हे?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले. मग त्यांनी सरळ श्रीशैलच्या डोळ्यांत बघितलं. "व्हय की न्हाय, पावणं?"

मार खावा, शिव्या खाव्यात, पण हे नको, असं श्रीशैलला झालं. विद्याश्री मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती.

"न्हाय जी," तो म्हणाला. "मी पणजीकडचा."

मुलाचे वडील "असं होय," म्हणाले आणि मालकाला हाका मारू लागले. श्रीशैल एकेक वाडगा गोळा करायला लागला. आप्पांचा भरलेला होता, पाहुण्यांचे भरलेले होते. आईने आपल्या वाडग्यावर पदर धरला होता. आप्पांची नजर दुसरीकडे गेली तेव्हा तिने तो हळूच त्याच्या हातात दिला. तो अर्धा रिकामा होता.