उसवलेल्या चेंडूची साक्ष

मित्रांनो, मैदानाच्या कचेरीत शिरलात की समोरच काचेचे कपाट लागते. त्यात चकाकणाऱ्या ढालींच्या मागे तोंड वासून बसलेला एक जुना चामडी चेंडू दिसेल. तो मी. माझ्यापुढे पाटी आहे: 'महिलांच्या पहिल्या संघाचा चेंडू. फितुरीने कापला गेला.' तुम्ही सहलीला येता, पाटी वाचता, 'अरेरे' म्हणता आणि डबे उघडायला पळता. तुमचा काही दोष नाही. पण त्या पाटीचे दुसरे वाक्य खोटे आहे, आणि ते मला दिवसरात्र डोळ्यांसमोर घेऊन बसावे लागते.

मला एका बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्याने घडवले. अठरा तुकडे, आणि प्रत्येक टाका दोन्हीकडून आवळलेला. पुरुषांच्या क्लबाने मला तीन वर्षे तुडवले आणि रंग उडाल्यावर अडगळीत भिरकावले. तिथून मला उचलले ते गोणीच्या कारखान्यातल्या पहारेकऱ्याने. तरुणपणी तोही खेळायचा, पण गुडघा कामातून गेला होता. कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत गोणपाटाचे बोळे लाथाडताना त्याने पाहिल्या होत्या.

"लाथाच मारायच्या तर नीट मारा की गं," तो म्हणाला आणि मला त्यांच्यापुढे टाकले. असा तो संघ झाला.

आक्का कप्तान आणि गोलरक्षक. ती शिलाईला बसायची. दाभण आणि सुतळी घेऊन दिवसाला तीनशे गोण्यांची तोंडे शिवायची. बोलणे तोडून टाकणारे, पण कुणी पडली तर सगळ्यांत आधी धावणारी आक्काच. दुसरी बारकी. ती कापणीच्या टेबलावर असायची. तिच्या डाव्या अंगठ्यावर पात्याचा तिरका वण होता. चणीने एवढीशी, पण चेंडू पायात आला की कुणाच्या बापाचे ऐकायची नाही.

तिला घरात ऐकावे लागे ते भावाचे. तो त्याच कारखान्यात सुपरवायझर होता. बहीण मैदानात पळते म्हणजे आपल्या तोंडाला काळे फासते, असे त्याचे म्हणणे. एकदा त्याने तिचे बूट चुलीत घातले. पुढच्या रविवारी बारकी पहारेकऱ्याच्या बुटांत चिंध्या कोंबून उतरली आणि दोन गोल करून आली. तेव्हापासून भाऊ रोज सकाळी फाटकात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणे, "बघतोच हंगाम कसा पुरा होतो ते!"

हंगाम पुरा होणे हाच तर सगळा प्रश्न होता. मैदानाच्या मंडळाने बायकांना एक हंगाम दिला होता, तोही नाक मुरडत. दहा सामने. हरलात तरी हरकत नाही, पण एकही सामना अर्धवट राहिला तर मैदान बायकांना कायमचे बंद. शिवाय चेंडू आपापला आणायचा. त्यांच्याकडे चेंडू एकच, तो म्हणजे मी.

नऊ सामने झाले. चार जिंकले, पाच हरले. पहिल्या सामन्याला लोक हसायला आले होते. कुणी चिखल फेकला, कुणी थुंकले. एकीचे बोट मोडले, तर ती चिंधी बांधून खेळली. नवव्या सामन्याला मात्र हसणारे चारदोनच उरले होते. बाकीचे निमूट खेळ बघत होते. ती शांतता मला अजून आठवते, आणि खरे सांगतो, माझा ऊर भरून आला होता.

दहाव्या सामन्याच्या आदल्या दिवशी माझी शिवण चार बोटे फाटली. जेवणाच्या सुट्टीत आक्काने मला मांडीवर घेतले. सगळे एकदम चालले होते. तोंडात घास, शेजारणीला सूचना, आणि हातात दाभण.

"उद्या तू डावीकडे राहा गं. आणि घाबरून मागे पळू नकोस, कळलं?"

मित्रांनो, गोणीचा टाका कसा असतो ते सांगतो. त्यात सुतळी एकात एक अडकवत नेतात आणि शेवटी बोटभर शेपटी मोकळी ठेवतात. गिऱ्हाइकाने ती शेपटी ओढली की शिवण सरसर उसवते आणि गोणी उघडते. गोणीला तो टाका शहाणपणाचा. चेंडूला तो घालायचा नाही, हे आक्काला पक्के ठाऊक होते. आधी दोनदा तिने मला नीट गाठी मारून शिवले होते. पण त्या दिवशी भोंगा व्हायला आला होता, डोके उद्याच्या खेळात होते, आणि हाताने रोज तीनशे वेळा केले तेच केले. दोरा आत सैल सरकताना मला कळला. बोंब मारावीशी वाटली. पण चेंडूने बोंब कशी मारायची?

दर शनिवारी एकेकीने मला घरी नेऊन चरबी चोळायची, अशी त्यांची पद्धत होती. त्या शनिवारी पाळी बारकीची होती. तिने भावाकडे पाठ करून, मला पदराआड घेऊन चरबी चोळली. तसे मऊ हात मला पुन्हा लागले नाहीत. शेपटी तिच्या अंगठ्याला लागली. आक्काने ठेवली आहे म्हणजे असेल काहीतरी, अशा विश्वासाने तिने ती दाबून बसवली.

सामना संपायला दहा मिनिटे उरली होती. बारकीने मला जोरात मारले आणि तिच्या बुटाचा खिळा त्या शेपटीत अडकला. सर्रकन शिवण उसवली. आतला हवा भरलेला रबरी ब्लॅडर बाहेर आला आणि फुटला. आधी कुणालाच काही कळले नाही. मग लोक हसले. पहिल्या दिवसासारखे हसले.

"दुसरा चेंडू?" पंचाने विचारले.

पहारेकरी पाय ओढत पुरुषांच्या क्लबाकडे धावला. "आमचे चेंडू बायकांसाठी नाहीत," असे सांगून त्यांनी दार लावून घेतले. पंच वाईट नव्हता. घड्याळ हातात धरून तो बराच वेळ थांबला. शेवटी त्याने वहीत लिहिले, 'अपूर्ण'.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी रडत होते, कुणी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग एकीने विचारले, "काल चेंडू कुणाच्या घरी होता?"

सगळ्या बारकीकडे वळल्या.

"मी फक्त चरबी लावली. आईशप्पथ!"

"भाऊ फाटकात काय म्हणतो ते आम्ही ऐकलंय. आणि पातं तर तुझ्याच हातात असतं."

मी आक्काच्या हातात होतो. तिने माझ्या तोंडातून दोरा ओढून काढला. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे होतात. हा अखंड होता, वळ्यावळ्यांचा. आक्काने तो ओळखला. तिने दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि मुठीत धरला.

"आक्का, तू तरी सांग ना यांना," बारकी म्हणाली.

आक्काने तिच्याकडे बघितलेही नाही. "तू आधी घरी जा," ती म्हणाली.

बारकी गेली. कारखान्यात तिच्या शेजारी कुणी बसेना, तिच्याशी कुणी बोलेना. महिन्याभरात तिने काम सोडले. आता तिला भावाचे घर तेवढे उरले. "सांगितलं होतं ना?" असे त्याने म्हटले असणार. मैदान बायकांना बंद झाले ते अठ्ठावीस वर्षे.

तितकी वर्षे मी आक्काच्या फळीवर होतो. तो दोरा तिने माझ्या पोटात ठेवला होता. कधीकधी मला खाली घेई, दोरा चाचपी आणि परत वर ठेवी. एकदोनदा ती मला पिशवीत घालून बारकीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिथूनच परत आली. मैदान पुन्हा उघडले तेव्हा मंडळाचे सचिव मला न्यायला आले. "फितुरी झाली म्हणतात, खरं का हो?" त्यांनी विचारले. आक्का म्हणाली, "लोक म्हणतात तसं." दोनदा बोलायची वेळ आली आणि दोन्ही वेळा तिने खरे सांगितले नाही. माझ्यावर तिने जीव लावला, तरी एवढे मी तिला माफ केलेले नाही. आता ती नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्यासारखीच मुले आली होती. त्यांच्या मागे एक म्हातारी बाई एकटीच उभी होती. तिने काचेवर हात टेकला. डाव्या अंगठ्यावर तिरका वण होता.

एका मुलीने पाटी मोठ्याने वाचली आणि तिला विचारले, "कोण होती हो ती फितूर?"

"होती एक. कापायच्या टेबलावर काम करायची."

"मग तिचं पुढे काय झालं?"

"काही नाही. घरी गेली."

मित्रांनो, मला चरबी नको, हवा नको, नवी शिवण नको. या कपाटाला कुलूप नाही. तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या उसवलेल्या तोंडात हात घाला आणि तो अखंड दोरा बाहेर काढून सगळ्यांना दाखवा. पण लवकर करा. तिला काठी टेकत जाताना मी पाहिले आहे.